एक थेंबही पाणी नसलेला रस

शरदिनीबाईंनी फ्रिज उघडला तेव्हा पाहुण्यांपुढे ठेवण्यासारखी त्यात एकच वस्तू उरली होती, मुलाची, निनादची गुलाबी बाटली. सकाळी आणलेले आंबे आणि केळी माकडांनी गच्चीच्या दारातून येऊन नेली होती. दूध नासलं होतं. आणि बाहेरच्या खोलीत वेदपाठशाळेच्या निवड समितीचे दोघे सभासद उपरण्याने घाम पुसत बसले होते. दिवस निर्जला एकादशीचा, कडक पाळणारे पाणीही घेत नाहीत, बाकीचे फराळ करतात; आणि काशीतल्या ब्रह्मा घाटाच्या पायऱ्यांवर पाय ठेववत नाही असं ऊन.

समितीचं येणं म्हणजे काही साधी गोष्ट नव्हती. बाईंचे यजमान यज्ञेश्वरशास्त्री एकतीस वर्षं त्या पाठशाळेत घनपाठ शिकवत होते. मंत्रातले शब्द पुढेमागे गुंफत, एक स्वर न चुकता तासन्‌तास म्हणायचे, ही ती विद्या. प्रधानाचार्यपदासाठी त्यांना दोनदा डावललं होतं. एकदा अध्यक्षांचे मेहुणे आडवे आले, दुसऱ्यांदा मेहुण्यांचे मित्र. वयाच्या अटीमुळे ही तिसरी खेप शेवटची होती. या वेळीही अध्यक्षांचा जावई विश्वेश रांगेत होताच, पण घनपाठ म्हटला तर त्याला धाप लागते, हे सगळ्या घाटाला ठाऊक होतं. त्यामुळे शास्त्रीबोवांना वेडी आशा होती. माणसाला एकतीस वर्षांनीसुद्धा आशा वाटते, त्याला कोण काय करणार?

बाटलीबद्दल बाईंनी आदल्याच दिवशी चौकशी केली होती. निनाद फ्रान्सात नोकरीला. तिथे डोंगरात बुजे म्हणून टीचभर मुलूख आहे, तिथली ही गोडसर, फसफसणारी गुलाबी वाइन त्याने लंका मोहल्ल्यातल्या मित्रासाठी आणली होती. आईने विचारल्यावर तो द्राक्षाचा रस आहे म्हणाला. बाईंनी उलटतपासणी घेतली. धान्य आहे का यात? नाही. चुलीवर चढवलंय? नाही. मीठ? नाही. पाणी कुणाच्या हातचं? तेव्हा निनाद म्हणाला होता, "आई, पाणी एक बूंदसुद्धा नाही यात. टेन्शन मत लो." बिचारा एकाही प्रश्नाला खोटं बोलला नव्हता. विचारायचा तो प्रश्न त्या घरात कुणाला सुचणंच शक्य नव्हतं.

आता तो सारनाथला गेला होता आणि फोन उचलत नव्हता. साबूदाण्याची खिचडी करावी, तर समितीतले ढुंढिराजशास्त्री साबूदाणा कारखान्यातला म्हणून वर्ज्य मानत. मोहल्ल्यातले उपासतापास, सोवळंओवळं, सगळं त्यांच्या शब्दावर चाले. आधीचे प्रधानाचार्य चातुर्मासात कांद्याची कचोरी खाताना दिसले, म्हणून याच गृहस्थांनी त्यांना आठ दिवसांत घालवलं होतं. बाईंनी देवाचं नाव घेतलं, बाटलीच्या तोंडाची तार उकलली आणि सांडशीने बूच ओढलं.

ठो करून आवाज झाला तेव्हा बाहेर यज्ञेश्वरशास्त्री घनपाठात रंगले होते. एवढ्या आवाजानेही त्यांचा स्वर हलला नाही. अध्यक्ष शिवरामपंत डोळे मिटून बसले होते, ते बसूनच राहिले, आणि शास्त्रीबोवांना वाटलं, तल्लीन झालेत.

पाठ संपला. बाई चांदीचे पेले घेऊन बाहेर आल्या. आज पाणीही चालत नाही, असं ढुंढिराजशास्त्री खेदाने म्हणाले, पण त्यांची नजर पेल्याच्या बुडबुड्यांवरून हलेना. बाईंनी भीत भीत सांगितलं की हा नुसता फळाचा रस आहे, चुलीवर न चढवलेला, आणि यात पाणी म्हणून नाही. ढुंढिराजशास्त्र्यांनी क्षणभर विचार केला. उष्म्यापुढे धर्मशास्त्र फार वेळ टिकलं नाही.

"पाणी नाही, तर निर्जला मोडायचा प्रश्नच कुठे येतो?" ते म्हणाले आणि पेला तोंडाला लावला.

त्यांनी तीन पेले घेतले, शिवरामपंतांनी दोन. असा सात्त्विक रस काशीत मिळत नाही, असा ढुंढिराजशास्त्र्यांनी निर्वाळा दिला आणि ढेकर दिली. यज्ञेश्वरशास्त्र्यांनी मात्र घोट घेतला नाही. पाणी असो नसो, निर्जला म्हणजे निर्जला. जाताना शिवरामपंतांनी त्यांचा हात बराच वेळ हातात धरून ठेवला. दोघं गल्लीच्या वळणापर्यंत हसत गेले.

संध्याकाळी निनाद आला, त्याने फ्रिज उघडला आणि विचारलं, "आई, माझी बॉटल?"

पुढची दहा मिनिटं सांगण्यात अर्थ नाही. बाई जमिनीवर बसल्या त्या उठेनात. निनाद सारखं म्हणत होता की फारच हलकी असते ती, लोक दुपारी केकबरोबर पितात. यज्ञेश्वरशास्त्री रागावले नाहीत. रागवायलासुद्धा अंगात बळ लागतं, आणि ते दिवसभर उपाशी होते.

सकाळी द्वादशीचं पारणं न करताच ते शिवरामपंतांकडे निघाले. सगळं सांगायचं, क्षमा मागायची, पदासाठीचा अर्ज मागे घ्यायचा, एवढं त्यांनी ठरवलं होतं. शिवरामपंतांकडे ढुंढिराजशास्त्री आधीच येऊन बसले होते, चेहरा उतरलेला. यज्ञेश्वरशास्त्र्यांनी हात जोडले आणि बोलायला सुरुवात केली, तोच शिवरामपंतांनी उठून दार लावून घेतलं.

"पहिल्या घोटालाच ओळखलं मी," ते म्हणाले. "नोकरीत सात वर्षं दिल्लीला होतो."

"मग दुसरा पेला?"

"चांगली होती हो."

यांना मात्र वाटेत मी सांगेपर्यंत कळलं नव्हतं, असं म्हणत त्यांनी ढुंढिराजशास्त्र्यांकडे बोट केलं. ढुंढिराजशास्त्री खालमानेने म्हणाले की अज्ञानात घडलेल्याला प्रायश्चित्त हलकं असतं, ते त्यांनी पहाटेच गंगेत उरकलं. दोघांच्याही नजरेत भीती होती, आणि ते आपल्यालाच घाबरताहेत, हे कळायला यज्ञेश्वरशास्त्र्यांना थोडा वेळ लागला. साऱ्या घाटाला कचोरीवरून धाक घालणारी ही माणसं आज त्यांच्यासमोर चोरासारखी बसली होती.

शिवरामपंतांनी टेबलावरून एक लिफाफा उचलून त्यांच्या हातात दिला. आत नियुक्तीचं पत्र होतं, त्यावर दोघांच्याही सह्या.

"विश्वेशचं नाव महिन्यापूर्वीच ठरलं होतं. काल आलो ते नुसतं रीत म्हणून," ते म्हणाले. "आता तुम्हीच प्रधानाचार्य. फक्त ती गोष्ट तुमच्या घराबाहेर जाऊ नये."

"आणि माझा घनपाठ?"

"खरं सांगू? डोळा लागला होता माझा."

यज्ञेश्वरशास्त्री पत्र हातात धरून उभे राहिले. फाडून टाकावं, तोंडावर फेकावं, असं त्यांना फार वाटलं. एकतीस वर्षं त्यांनी घसा फोडला होता आणि या दोघांनी त्यातला एक मंत्र ऐकला नव्हता. मग त्यांनी पत्राची नीट घडी घातली, खिशात ठेवलं, नमस्कार केला आणि ते बाहेर पडले.

घरी शरदिनीबाई दारातच उभ्या होत्या. आपल्या हातून नवऱ्याच्या जन्माचं मातेरं झालं, म्हणून त्या रात्रभर रडल्या होत्या. डोळे सुजले होते. पत्र त्यांनी दोनदा वाचलं.

"म्हणजे शेवटी तुमची विद्या कळली त्यांना. हो ना हो?"

खरं काय ते अगदी ओठांवर आलं होतं. शास्त्रीबोवांनी त्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं.

"हो," ते म्हणाले. "घनपाठ ऐकला ना काल. फार आवडला त्यांना."

बाई डोळे पुसत पुण्याच्या नणंदेला फोन लावायला आत गेल्या. निनाद कोपऱ्यात उभा राहून बापाकडे बघत होता.

"बाबा, सच में घनपाठ ऐकून दिलं?" त्याने हळूच विचारलं.

"तुझं विमान किती वाजता आहे?" प्रधानाचार्य म्हणाले.