खाली काही ठेवलं का?

आमच्या घरी हात धुवायचे तर आधी चौकशी होते. माझे सासरे, आबा, घरात कुठंही असोत, नळाचा आवाज आला की विचारतात, "खाली काही ठेवलं का?" म्हणजे घमेलं. हात धुतलेलं पाणी घमेल्यात, घमेल्यातलं कढीपत्त्याला. लग्न होऊन देऊळघाटला आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बेसिनमध्ये चूळ भरली. आबा दारात उभे. "पोरी, कढीपत्त्यानं तुह्यं काय बिघडवलं?" तेव्हापासून मी चूळसुद्धा झाडाच्या बुडाशी टाकते.

असा माणूस आम्ही यंदा दिवाळीच्या सुट्टीत हिमालयात हिमनदी पाहायला नेला. हौस माझ्या नवऱ्याची, विनोदची. सासूबाईंचे गुडघे पार गेलेत, ओट्याची पायरी चढवत नाही, म्हणून त्या नणंदेसोबत घरीच राहिल्या. आबा मात्र मोठा थर्मास बगलेत मारून निघाले. "बर्फाचं पानी आणाचं हाय," एवढंच म्हणाले. मला वाटलं, कढीपत्त्याला.

पहाडात ज्या घरी आमचा मुक्काम होता, तिथला नळ बारीक धारेनं सारखा चालू. आबांचा जीव वरखाली. जेवण झाल्याबरोबर त्यांनी कुठून तरी पान्हा पैदा केला आणि नळ असा आवळला की थेंबाची टाप नाही. सकाळी पाइप गोठून दगड झालेला. धार चालू ठेवली तरच पाणी गोठत नाही, हे घरमालकानं हात जोडून समजावलं.

"म्हंजे इथं पानी वाचवाले पानी सांडा लागते?" आबा म्हणाले. "काय मुलूख हाय बे विनोद."

घरमालकीण चुलीवरचं गरम पाणी पाइपवर ओतत होती. आबांनी खाली बादली सरकवली.

हिमनदीकडे चढताना दर ओढ्यापाशी आबा थांबणार आणि गाईडला विचारणार, "याले कोनी अडवत काऊन नाही?" तो बिचारा नुसता हसायचा. शेवटच्या चढावर मात्र आबांचा दम उखडला, पाय लटपटायला लागले. गाईड म्हणाला, यांना इथंच बसवा. विनोदनं हात पुढं केला. "द्या थर्मास, मी आणतो भरून."

आबांनी थर्मास पोटाशी धरला. "मी मास्तर होतो बे. दुसऱ्यानं केलेला अभ्यास मले चालत नाही."

मला हसू आलं, रागही आला, आणि खरं सांगायचं तर भीती वाटली. तांब्याभर पाण्यापायी हा माणूस इथंच आडवा व्हायचा. पण चार पावलं आणि एक बसकण असं करत ते पोचले. धुळीनं मळलेला बर्फाचा डोंगर होता आणि त्याच्या बुडातून पाणी निघत होतं. आबांनी वाकून थर्मास भरला. आमच्या चिऊनं त्यातला एक घोट मागितला, तर नाही म्हणाले. नातीला ते नाही म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

परतीच्या गाडीत थर्मास मांडीवरून हलला नाही. मलकापूरला उतरून घरी आलो तेव्हा सासूबाई ओट्यावर पाय पसरून बसल्या होत्या. आबा त्यांच्यापुढं उकिडवे बसले, त्यांचं लुगडं गुडघ्यापर्यंत सारलं आणि थर्मासचं झाकण काढलं.

"गार हाय अजून," म्हणाले, आणि त्या सुजलेल्या गुडघ्यांवर धार धरली.

सासूबाई लाजून चूर. "सुनेसमोर हे काय लावलं?"

आबा माझ्याकडे न बघता बोलले, "नळ नव्हता तवा हिनं खालच्या विहिरीवरून हंडे वाह्यले, पोरी. माह्या आंघोळीचे बी. गुडघे त्यातच गेले तिचे. मी शाळेत पोराईले पाढे शिकवत होतो. एक खेप केली नाही."

पाणी गुडघ्यांवरून पायरीवर, पायरीवरून अंगणात चाललं होतं. सासूबाईंनाच राहवेना.

"आवो, खाली काही ठेवा ना."

"राहू दे," आबा म्हणाले, आणि त्यांनी थर्मास उपडा केला.