हाकलून लावलेले डॉल्फिन

"उसात शिरताना गप ऱ्हायचं न्हाई, सूनबाई. वाघाला कळाया पायजे, माणूस आलंय." आमचे मामंजी सयाजीराव मला रोज सकाळी हे बजावायचे. पुढे माझा आवाज कसा आहे ते ध्यानात आल्यावर त्यांनी त्यात भर घातली, "तुझं बोलणं दावणीच्या म्हशीला ऐकू जाईना, वाघाला कुठलं जायचं? तू आपली घंटा वाजवत जा."

तेव्हापासून निमगाव सावाच्या शिवारात मी देवपूजेची घंटा घेऊन गवताला जाते. वाघ म्हणजे बिबट्या, पण आमच्याकडे त्याला वाघच म्हणतात. त्या वर्षांत बिबट्यांनी जुन्नर तालुक्यातल्या उसात असा मुक्काम ठोकला होता, की दिवाळीला आलेला जावईसुद्धा इतका राहत नाही. पुढे आमच्या सासूबाई कुशाबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते, "हाऽऽड" अशी आरोळी देत, मधे शेजारची भागूबाई डब्यावर चमचा बडवत, आणि मागून मी किणकिणत. लांबून बघणाऱ्याला वाटावं, उसात सत्यनारायण घातलाय.

एवढं करूनही एका संध्याकाळी वाघाने आत्याबाईंची कालवड त्यांच्या डोळ्यांदेखत नेली. बाटलीने दूध पाजून वाढवलेली होती ती. त्यानंतर दिवस मावळला की आत्याबाई ओट्याखाली उतरेनाशा झाल्या. एकदा मी पोथी वाचत असताना मधेच म्हणाल्या, "सूनबाई, देवानं रानातलं एखादं तरी जनावर असं केलं आसंल का गं, ज्याला भ्यायचं न्हाई आन् हाकलायचंबी न्हाई? एकदा बघावं वाटतंय."

"दाखवते," मी म्हणाले. हात पोथीवर होता. आता झाली का पंचाईत!

त्याच महिन्यात आमच्या बचत गटाची सहल ठरत होती. सगळ्यांना वाटलं, मी देवाचं ठिकाण सुचवणार. कारण मी अंघोळ करून लेण्याद्रीच्या गणपतीची पूजा केल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नाही, हे अख्ख्या गावाला माहीत. मी म्हणाले, कोकणात जाऊ, होडीत बसू आणि डॉल्फिन बघू. बायका माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जसं काही मी सुकट भाजायला मागितली. मग मी समजावलं, की हा मोठ्ठा जीव माणसाच्या वाटेला जात नाही, उलट होडीशेजारी खेळतो. आत्याबाई लगेच पिशवी भरायला उठल्या. गाडी, मुक्काम, डबे, सगळी आखणी मी केली. इतकी चोख, की चूक व्हायला जागाच ठेवली नव्हती. असं मला वाटत होतं.

कोकणातलं ते गाव म्हणजे नुसता गलबला. धक्क्याला रंगीत होड्या, जिकडंतिकडं तळलेल्या माशांचा वास, आणि केळ्याच्या आकाराच्या एका फुगवलेल्या होडीवर माणसं बसवून त्यांना मुद्दाम पाण्यात पाडत होते. पडलेले पुन्हा हसत रांगेत उभे राहत होते. भागूबाईने ते बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, की बुडायला एवढ्या लांब यायचं, तर आपली विहीर काय वाईट होती?

आमच्या होडीचे मालक कमरुद्दीनभाई. पांढरी दाढी, सावकाश बोलणं. त्यांनी आम्हा सगळ्यांना नारिंगी जाकिटं घातली. नऊवारीवर ती चढल्यावर आम्ही गॅसच्या टाक्यांसारख्या दिसायला लागलो. पाय ठेवण्याआधी मी समुद्राची ओटी भरली, नारळ वाहिला, घंटा वाजवली. तेवढा वेळ कमरुद्दीनभाई हात बांधून बाजूला उभे राहिले. मला फार बरं वाटलं. त्या भरात घंटा परत पिशवीत ठेवायची राहिली.

बरंच आत गेल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं आणि ओठांवर बोट ठेवलं. इथूनच येतात ते, म्हणाले. आता कुणी हूं की चूं करायचं नाही, आवाजाला बिथरतात. आम्ही माना डोलावल्या. सगळं चिडीचूप झालं.

आता आमच्या शिवारात असं चिडीचूप कधी होतं, ते सांगते. कुत्री भुंकायची थांबतात, किडे किरकिरायचे थांबतात, आणि मग उसाचं पाचट हलतं. म्हणजे तो जवळ आलेला असतो. त्या होडीत बसल्या बसल्या आम्हा सगळ्यांना तेच पाचट आठवलं. आत्याबाईंनी माझा दंड धरला. आणि अगदी हाताच्या अंतरावर, पाणी फोडून एक काळी चकचकीत पाठ वर आली आणि 'फुस्स' करून श्वास टाकला.

मी वाजवली नाही हो. हाताने वाजवली.

घंटा वाजली तसा भागूबाईचा डबा वाजला. डबा वाजला तशी आत्याबाईंची "हाऽऽऽड" समुद्रावरून गेली. उरलेल्या बायकांनी टाळ्या पिटल्या, दोघींनी चपला काढून होडीच्या काठावर बडवल्या. कमरुद्दीनभाई नुसते बघत राहिले. इतक्या वर्षांत त्यांच्या होडीत लोक डॉल्फिनला बोलवायला शिट्ट्या मारायचे. हाकलायला आलेलं गिऱ्हाईक हे पहिलंच!

एवढ्यावर भागलं नाही. तो गोंधळ ऐकून आजूबाजूच्या होड्यांना वाटलं, आम्ही बुडतोय. एक आली, दोन आल्या, केळ्याची होडी ओढणारी मोटार बोट तर केळ्यासकट आली. कुणी दोर फेकला, कुणी टायर फेकला. मी घाबरून सांगत होते, की काही झालेलं नाही, पण माझा आवाज! तो शेजारी बसलेल्या आत्याबाईंनाही ऐकू गेला नाही. डॉल्फिन तोवर अरबस्तानात पोचले असतील. आम्हाला दोराने ओढत धक्क्याला आणलं. तिथे गर्दी. कुणी आमच्या अंगावर टॉवेल टाकले, कुणी भागूबाईच्या पाठीवर थापट्या मारून पाणी काढायला लागलं. ती कोरडी ठणठणीत! निघालं काय, तर तोंडातलं पान.

सगळं निवल्यावर आत्याबाई वाळूत बसल्या. हळूच विचारलं, "आलं व्हतं का गं ते?"

"तुम्ही पाहिलं नाही?"

"मी डोळं मिटलं व्हतं. वरडताना मिटतेच मी. कालवड नेली तवापासनं." मग चष्मा काढून, "कसं व्हतं?"

"काळं. गुळगुळीत. तुमच्याकडंच तोंड होतं त्याचं."

"आन् मी त्याला हाड म्हनलं," त्या म्हणाल्या, आणि पदराने चष्मा पुसत बसल्या. घंटा वाजवणारी कोण होती, ते त्यांनी एकदाही काढलं नाही. त्याचंच मला जास्त लागलं.

मी कमरुद्दीनभाईंना गाठून वाघापासून कालवडीपर्यंत सगळं सांगितलं. ते आधी हसले, मग हसायचे थांबले. म्हणाले, "काकी, उद्या उजाडायच्या आत या. त्या वेळी ते नक्की येतात. पण तुम्ही दोघीच या. बाकी पलटण नको."

आमची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळीच निघणार होती, तेव्हा वेळ तीच. आणि माझ्या पूजेचीही वेळ तीच. इतक्या वर्षांत ती कधी चुकली नव्हती. रात्री बरोबर आणलेल्या गणपतीला वस्त्रात गुंडाळताना मी त्याला सांगितलं, की उद्या जरा उशिरा ऊठ, घोटभर पाणीही न घेता जाते, आत्याबाईंना दिलेला शब्द आहे. त्याने काही आक्षेप घेतला नाही.

पहाटे आम्ही दोघी पावलांचा आवाज न करता जिना उतरलो. खाली सगळी पलटण उभी! हातात चपला, तोंडाला पदर. भागूबाईने तर डबा दाखवला. आत तिने साडी कोंबली होती. येऊ नका म्हणायला मी तोंड उघडलं, पण तिने माझ्याच तोंडावर हात ठेवला.

अंधारात आम्ही धक्क्याकडे निघालो. कुणी खोकलंसुद्धा नाही. लांब कमरुद्दीनभाईंचा कंदील दिसला. तेवढ्यात आत्याबाईंनी माझा हात चाचपून घट्ट धरला आणि माझ्याहूनही हळू आवाजात म्हणाल्या,

"सूनबाई, कुणीतरी बोला की गं. लई भ्या वाटतंय."