डॉक्टरांचा शिष्य फुटतो

"शिष्य मिळवणं म्हणजे काय अक्कलदाढ उपटणं आहे?" डॉक्टर बायकोला म्हणाले. "आठवड्यात एक उभा करून दाखवतो!"

डॉक्टर दातांचे होते, त्यामुळे अवघड गोष्टीचं माप त्यांच्याकडे हे एकच.

शिष्य दवाखान्यासाठी नको होता. इंटरनेटवर एक मंडळी जमते. प्रत्येक जण एकेक पात्र घेतो आणि एका काल्पनिक राज्याचा कारभार सगळे मिळून लिहून खेळतात. नवखे तिथल्या सराईत, म्हणजे धर्मशाळेत, येऊन बसतात. गुरू त्यांना हेरतात, एखाद्या पेचात टाकून कस बघतात आणि पसंत पडला तर पदरात घेतात. डॉक्टर तिथे तलवारगुरू होते, शिष्य मात्र एकही नाही. हंगाम संपेपर्यंत मिळाला नाही तर गुरुपद जाणार. एक वेळ तेही चाललं असतं. पण दिवसभर चष्म्याच्या काचा घासणारा त्यांचा मेहुणा तिथे वैद्यगुरू होता आणि त्याच्या दारात नवख्यांची रीघ होती. डॉक्टरांना हे दाढेत अडकलेल्या पेरूच्या बीसारखं सलत होतं.

शेवटी त्यांनी फोनवरून स्वतःच एक नवखा जन्माला घातला. गरीब मेंढपाळ. सराईत यायचं, तलवारगुरूंचे पाय धरायचे, विषय संपला.

मेंढपाळ आला. पण पायांपर्यंत पोचण्याआधीच वैद्यगुरूने त्याला पेचात टाकलं. दोन जखमी, पट्टी एकच. मेंढपाळाने पट्टी उभी फाडली, दोघांना बांधली आणि उरलेली चिंधी मेंढीच्या पायाला गुंडाळली. सराई खूश! तलवारगुरूंनी हक्क सांगितला, तसा वैद्यगुरूनेही सांगितला. आता रिवाजाप्रमाणे दोघांनी सर्वांसमोर एकेक धडा द्यायचा आणि निवड शिष्याने करायची.

मेहुण्याचा लगेच फोन आला. "भावोजी, राग मानू नका, पण पोरगा हिरा आहे. तुमच्याकडे नुसता तलवार पुसत बसेल."

डॉक्टरांचा जळफळाट झाला. इतकी वर्षं त्यांच्या तलवारीला कुणी बरी म्हटलं नव्हतं आणि कालचा मेंढपाळ हिरा!

पहिला धडा त्यांचा. कॉम्प्युटरवर गुरू, फोनवर शिष्य. गुरूंनी मूठ कशी धरावी यावर प्रवचन लिहायला घेतलं. तिसऱ्या परिच्छेदाला डॉक्टरांनाच जांभई आली आणि मेंढपाळाने ती इमानदारीत लिहून टाकली. गुरू खवळले. शिष्याने असं काही उत्तर दिलं की गुरूंनी धडाच आवरता घेतला.

"स्वतःशीच भांडताय," बायको मागून म्हणाली, "आणि हरताय."

वैद्यगुरूने धड्यात एवढंच विचारलं, की तुझ्या कळपातली सगळ्यात भित्री मेंढी कोणती. डॉक्टर लिहीत सुटले. खुर्चीतला पेशंट तोंड उघडं ठेवून वाट बघत होता, त्याला त्यांनी हातानेच थांबवलं. त्यांना असं कधी कुणी काही विचारलंच नव्हतं.

निवडीच्या वेळी अंगठा तलवारगुरूंवर पडायला हवा होता. तो पडला वैद्यगुरूवर.

"अहो, हे काय केलंत?"

"मी नाही," डॉक्टर म्हणाले. "मेंढपाळाने."

गुरुपद गेलं. रविवारी मेहुणा जेवायला आला, तो घासागणिक शिष्याचं कौतुक सांगत बसला. बायको पदराआड हसत होती.

"खरं सांगा भावोजी, जळता ना त्याच्यावर?"

"प्रचंड," डॉक्टर म्हणाले. एवढं खरं ते त्या महिन्यात प्रथमच बोलत होते.

मग त्यांनी मेहुण्याला हात धुवायलाही नीट वेळ न देता घरी पिटाळलं. संध्याकाळी धडा होता आणि गुरूंनी उशीर केलेला त्या मेंढपाळाला खपत नसे.