व्हिक्टोरियन नागोबा

मुलाच्या साखरपुड्याची अंगठी आपण स्वतः निवडायची, एवढंच मी ठरवलं होतं. (माझी बहुतेक संकटं अशीच 'एवढंच'ने सुरू होतात.)

साल १९५८. मुंबईच्या कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालो आणि कोकणातल्या आमच्या गावी, मिठबावला परतलो. गुरुदासचं लग्न देवगडच्या हरिश्चंद्ररावांच्या आनंदीशी ठरलं. हरिश्चंद्रराव आंब्याचे व्यापारी; आवाज असा की बंदरावरची होडी वळावी. सुभद्रा, म्हणजे आमची सौभाग्यवती, म्हणाली, "सोनाराक सांगा, साधी आंगठी कर म्हणान."

इतिहासाच्या प्राध्यापकाच्या सुनेला साधी? मी ग्रंथ काढले. रोमन लोक नियोजित वधूला लोखंडाची अंगठी देत. आमच्या खाऱ्या हवेत ती लग्नाआधीच गंजली असती. मध्ययुगात आतल्या बाजूला प्रेमाचं वचन कोरत. गुरुदास मुलीशी अजून एक शब्द बोलला नव्हता. जॉर्जियन काळात खड्यामागे चकचकीत पत्रा घालत, पण पाणी शिरलं की खडा काळवंडे. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या कोनाकोनांच्या प्लॅटिनमच्या अंगठीचं चित्र पाहून सुभद्रा म्हणाली, "चांदयेची दितात? लोक काय म्हणतले?"

आणि मग सापडली ती! इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीला साखरपुड्यात मिळालेली नागाची अंगठी. डोक्यावर पाचू. अर्थ : शाश्वत प्रेम. मुंबईच्या सोनाराकडून तशीच घडवून आणली. सुभद्रेला दाखवली नाही. (मला मतभेदाची भीती वाटते, तिचं मत बरोबर निघतं म्हणून.)

आमच्या घरी साखरपुड्याला गुरुदासने डबी उघडली. आनंदीची आत्या तुळसाबाई पुढे वाकल्या आणि एकदम हात जोडले.

"नागोबा! पोरग्या, देवाक असो डबीत कोंडतत?"

अंगठी ताम्हनात गेली. हळदकुंकू वाहिलं. दुधाची वाटी आली आणि नागोबावर ओतली गेली.

"अहो, हे प्रेमाचं प्रतीक आहे," मी म्हणालो. "व्हिक्टोरियन काळात—"

"गप ऱ्हवा ओ! देवाची पूजा चल्लीहा," तुळसाबाईंनी मला अडवलं.

तेवढ्यात आनंदीचा बारीक आवाज आला, "आत्ये, ह्यो हातात घालून मासे खावक गावतले?"

सगळे ताम्हनाकडे पाहू लागले. देव बोटात घालून सुरमई कापायची कशी?

"जेवताना काढून ठेवायची," मी सुचवलं.

"साखरपुड्याची आंगठी काढतत? अपशकून!" तुळसाबाई.

"प्रोफेसरांनू," हरिश्चंद्रराव गरजले, "माझी पोर जन्मभर डाळभात खातली? माका ह्या घर नको!"

"राणीसुद्धा मासे खात असेल," मी म्हणालो.

"तिका नागोबा म्हायत नसतलो!"

हरिश्चंद्ररावांनी टोपी डोक्यावर चढवली. त्यांच्या मागोमाग माणसं उठू लागली. गुरुदासचा चेहरा उतरला. "बाबा, काहीतरी करा," तो कुजबुजला. मी करणारच होतो. काय, ते आठवत नव्हतं.

सुभद्रेने स्वतःच्या बोटातली साधी अंगठी काढली आणि आनंदीच्या बोटात घातली. "ही घे गो. आमच्या सोनारान केलेली. ही घालून मी सगळे मासे कापलंय."

आनंदी हसली. टोपी खाली उतरली. पेढे फिरले.

"आणि नागोबा?" मी ताम्हनाकडे बोट दाखवलं.

"ज्येणा आणल्यान, तेणाच सांभाळूचो," तुळसाबाईंनी निकाल दिला आणि माझी करंगळी धरून दुधातला नागोबा तिच्यात सरकवला. काढायची सोय नव्हती. एकतर अपशकून, आणि दुसरं म्हणजे सांध्यापुढे तो येतच नव्हता.

लग्न झालं. आनंदी फार गुणी निघाली. तिच्या हातच्या माशांना चव आहे, असं सगळे सांगतात. (मी ऐकलंय फक्त.) परवा सुरमई तळताना तिने स्वयंपाकघरातून काळजीने विचारलं, "मामंजीनू, नागोबाक ह्यो वास चलतलो मा?"

मी 'चालेल' म्हणणार, तेवढ्यात सुभद्रा म्हणाली, "कित्याक दोष घेतंस गो? तेंचा पान पडयेत मांड."

तेव्हापासून शाश्वत प्रेम आणि मी, दोघंही पडवीत जेवतो.