सात इस्पिकं आणि उतू गेलेलं दूध

ब्रिज खेळताना हातात दम नसला तरी मोठ्यानं ओरडायचं कधी, हे मला आमच्या ह्यांनी एका सकाळी दूध तापवता तापवता शिकवलं. दूध उतू गेलं, आणि पुढचं सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

चिमणीला, म्हणजे माझ्या नातीला, शाळेची सुट्टी लागणार होती. मुलगा-सून दोघंही नोकरीवाले. सुट्टीत पोर कुणाकडे राहणार, आमच्याकडे की सुनेच्या आईवडिलांकडे? दोन्ही घरी गाद्या झटकून तयार! शेवटी सून वैतागली. म्हणाली, "तुम्ही चौघं दर शनिवारी पत्ते कुटताच ना? तिथेच काय तो निकाल लावा."

मी हरखलेच. ह्यांचा चेहरा मात्र पडला. (ह्यांची भिडू मी.)

"हे बघ," हे म्हणाले, "आपण किती हात करणार आणि हुकूम कुठला, त्याची बोली लागते. मोठी पानं नाहीत, पण एकाच जातीची सात आलीत, तर एकपासून हळूहळू चढायचं नाही. थेट तीन! समोरच्या दोघांना एकमेकांशी बोलायला जागाच उरत नाही. मनातलं मनातच राहतं."

"एवढंच? हे तर मी लग्न झाल्यापासून करतेय!"

खोटं नाही सांगत. नणंदेचा फोन आला, की ती 'राहायला येऊ का' म्हणायच्या आत मी सांगून टाकते, "अगं, घराला रंग काढलाय, पाय ठेवायला जागा नाही!" इतक्यांदा रंग देऊन झालाय, की एव्हाना आमच्या समोरासमोरच्या भिंती एकमेकींना चिकटायला हव्या होत्या.

"पण नीट ऐक," हे म्हणाले, "एकदा ओरडलीस, की..."

आणि दूध उतू गेलं. मी फडकं घेऊन धावले. शेगडी पांढरी, ओटा पांढरा. परत वळते तो हे आपलं वाक्य संपवून पेपरात डोकं घालून बसलेले.

"कळलं ना?"

"कळलं हो!"

शनिवारी दुपारी व्याही-विहीणबाई आले. व्याही दातांचे डॉक्टर. पानसुद्धा असं उपटतात, की आपल्याच दाढेतून कळ जावी. विहीणबाई शिवणाचा क्लास चालवतात. हातातले पत्ते असे सारखे लावतात, की वाटावं खालून टीप मारलीय.

काय चुरस झाली म्हणता! कधी ते पुढे, कधी आम्ही. मध्ये चहा झाला, तो मी घोटभरसुद्धा प्यायले नाही. आणि शेवटच्या डावाला दोन्ही जोड्या बरोबरीत! हा डाव जिंकला की चिमणी आमची.

पत्ते मी वाटले. उचलून बघते तो इस्पिक, इस्पिक, पुन्हा इस्पिक... सात! वरचं पान राणी, बाकी नुसता पालापाचोळा. विहीणबाईंना दिसायला नकोत म्हणून मी पत्ते छातीशी घट्ट धरले.

"तीन इस्पिक!"

माझ्यानंतर व्याह्यांची पाळी. त्यांचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. "पास." जन्मभर लोकांना 'आ करा' म्हणणारा माणूस, त्याचं तोंड मी बंद केलं! मी खुर्चीत दोन बोटं वर उचलले गेले.

मग हे. ह्यांचे कान लाल झाले होते. "सहा बदाम."

विहीणबाई म्हणाल्या, "पास."

आली का पंचाईत! माझी सोन्यासारखी सात इस्पिकं सोडून ह्यांचे बदाम? संसारात पडद्यांपासून पाहुण्यांपर्यंत शेवटचा शब्द ह्यांचा, (हे नेमकं उलटं सांगतात) आता इथेही? आणि तीनला एवढी मजा, तर सातला किती!

"सात इस्पिक!"

बोलीत पहिले सहा हात धरलेलेच असतात, त्यामुळे सात म्हणजे तेराच्या तेरा हात आपले. एकही गमावायचा नाही.

"डबल," व्याही म्हणाले. म्हणजे बुडालात तर दंड दुप्पट. पण म्हणाले किती मायेनं! 'अजिबात दुखणार नाही हं' म्हणतात ना, तस्सं.

बोली माझी, म्हणून खेळणार मी; नियमाप्रमाणे ह्यांनी आपली पानं टेबलावर उलगडली. बदामाचा एक्का, राजा, राणी, गुलाम, खाली लेकरंबाळं. इस्पिकाचं पान औषधालासुद्धा नव्हतं. सहा बदाम बसल्या जागी होत होते.

आम्ही असे बुडालो, की बुडबुडासुद्धा आला नाही.

"दुधाच्या वेळी काय सांगितलं होतं?" हे कुजबुजले.

"दुधाच्या वेळी मी ओटा पुसत होते!"

"एकदा ओरडलीस, की तुझं काम संपलं. पुढे भिडू काय ते बघेल. कितीही जीव तुटला तरी तू पास!"

सुट्टीतली चिमणी हातची गेली. विहीणबाई दारात चपला घालता घालता थांबल्या. "मी काय म्हणते, सुट्टीत तुम्ही दोघंसुद्धा..."

जिंकून वर कीव? मी वाक्य पुरं होऊच दिलं नाही. "छे हो! आम्हाला कुठली सवड? घराला रंग काढलाय!"

"अगं बाई, हो का? मग राहिलं."

दार लागलं. हे म्हणाले, "त्या आपल्याला तिकडे राहायला बोलवत होत्या. चिमणीसोबत, सबंध सुट्टी. कुणीही जिंकलं तरी हरलेल्यांनी जिंकलेल्यांकडे राहायला जायचं, असं व्याही चहाच्या वेळीच म्हणाले होते; तुझं लक्ष पत्त्यांत. मी हो म्हटलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू जागा ठेवलीस?"

दुसऱ्या दिवशी चिमणीचा फोन. "आजी, आम्ही सगळे येत्या रविवारी नवा रंग बघायला येतोय!"

तेव्हापासून मी शिडीवर आहे. दोन भिंती झाल्या. काल ब्रश बुडवतेय तोच दारात नणंद उभी, मोठी बॅग घेऊन. म्हणाली, "वहिनी, तुझ्या विहीणबाई बाजारात भेटल्या. इतकी वर्षं रंग चाललाय, तुला एकटीला उरकत नाही. मी चांगली दोन महिने राहते मदतीला!"

शिडी धरून उभे असलेले हे खालून हळूच म्हणाले, "डबल."