उडता पोस्टमन, अंक एकतिसावा

"सुप्रसिद्ध खाजगी गुप्तहेर. गरुडाची नजर, तल्लख मेंदू, पोलादी मज्जातंतू. चोऱ्या, फसवणुकी व हरवले-सापडले. वेळ दहा ते पाच. दुपारी दोन ते चार झोप."

ही पाटी भाऊजींनी स्वतःच्या हाताने रंगवली होती. अक्षरं इतकी मोठी काढली की पाटी दारावर मावेना, मग ती दाराशेजारी भिंतीला टेकवून ठेवली. सगळ्यात खाली 'व सहकारी' लिहायचं होतं, पण रंग संपला आणि 'व सह' एवढंच राहिलं. हे 'व सह' म्हणजे त्यांचा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. आठ दिवस राहायला म्हणून आला होता. त्याला आता सहा वर्षं झाली.

भाऊजींनी नोकरीत असताना एकोणतीस वर्षं पाण्याचे मीटर तपासले होते. "लोकांच्या दाराबाहेर वाकून पाहण्यात हयात गेली माझी," ते सांगत. "आता दाराच्या आत वाकून पाहायचं, एवढाच काय तो फरक." आजवर त्यांनी तीन प्रकरणं सोडवली होती, तिन्ही हरवलेल्या छत्र्यांची. त्यातल्या दोन छत्र्या त्यांच्याच होत्या.

शनिवारी सकाळी सव्वादहाला फोन वाजला. पलीकडून दातांचे डॉक्टर रडवेल्या आवाजात म्हणाले, "लवकर या हो! एकतिसावा गेला!"

"घाबरू नका," भाऊजी म्हणाले. "अजून एक शिल्लक असेल ना? तेवढ्यावरही चावता येतं."

"अहो, दात नाही! अंक! कॉमिकचा अंक!"

मेव्हण्याने मुकाट्याने वही, पेन्सिल, टेप आणि भिंग पिशवीत भरलं. भिंगाला तडा गेलेला होता, त्यामुळे भाऊजींना प्रत्येक पुराव्यात एक उभी रेघ दिसायची आणि ते तिला 'महत्त्वाची' म्हणायचे.

डॉक्टरांचं घर तीन मजली. खाली दवाखाना आणि त्याला लागून एक खोली, मधल्या मजल्यावर डॉक्टर आणि त्यांची बायको, वरच्या मजल्यावर छापखान्यातून निवृत्त झालेले त्यांचे थोरले भाऊ, दादा. चोरी झाली होती ती दवाखान्याशेजारच्या खोलीत. खोलीत पडदे ओढलेले, एसी गारठवणारा, आणि भिंतभर काचेचं कपाट. त्यात पारदर्शक, टणक प्लास्टिकच्या चपट्या पेट्या ओळीने उभ्या होत्या. प्रत्येक पेटीत एकेक कॉमिक, आणि पेटीच्या डोक्यावर पट्टीत छापलेला आकडा: ९.२, ८.८, ९.०.

"हे काय, दशांश अपूर्णांक?" मेव्हण्याने विचारलं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. अंक मिळाला की तो लांबच्या एका तज्ज्ञ संस्थेकडे पाठवायचा. तिथे हातमोजे घातलेली माणसं त्याचा प्रत्येक कोपरा, घडी, डाग, पिनेवरचा गंज बघतात, दहापैकी गुण देतात आणि अंक कायमचा पेटीत बंद करतात. "उडता पोस्टमन या मालिकेचे एकंदर अठ्ठेचाळीस अंक निघाले. गुण मिळालेला पूर्ण संच जगात एकाकडेही नाही. बावीस वर्षं जमवतोय मी. सत्तेचाळीस झाले होते, फक्त एकतिसावा मिळत नव्हता. तो बुधवारी आला, पेटीबंदच. नऊ पॉइंट चार! काल संध्याकाळी इथे होता, आणि आज..."

कपाटात तिसाव्या आणि बत्तिसाव्या पेटीच्या मधे दोन बोटं रुंद फट होती. पडलेल्या दातासारखीच दिसत होती ती, आणि डॉक्टर तिच्याकडे बघतही त्याच नजरेने होते.

"उद्या अकरा वाजता संग्राहक मंडळाची माणसं येताहेत. संच डोळ्यांनी पाहून नोंदवहीत पहिलं नाव लिहिणार. माझं!" डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "आता काय दाखवू त्यांना? ही फट?"

भाऊजींनी फट मोजली. मग तिचा वास घेतला. मग मेव्हण्याला घ्यायला लावला.

"लिही," ते म्हणाले. "गुन्हेगार डावखुरा. उंची पाच फूट चार इंच. नुकताच जिना चढला किंवा उतरला आहे."

"या घरात प्रत्येकजण जिना चढतो आणि उतरतो, भाऊजी."

"म्हणजे टोळी आहे. तेही लिही."

खोलीची किल्ली दाराच्या मागच्या खिळ्यालाच लटकत असे, हे समजल्यावर भाऊजींचा चेहरा पडला. इतकी सोपी चोरी त्यांना आवडली नाही.

"एकतिसाव्यातच असं काय आहे?" मेव्हण्याने सहज विचारलं.

डॉक्टर स्टुलावर बसले. "आम्ही दोघं भाऊ दर आठवड्याला कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याकडून हा अंक आणायचो. एकाच खुर्चीत बसून वाचायचो, पान उलटायचा मान दादाचा. तिसाव्या अंकाच्या शेवटी पोस्टमन दीपस्तंभावरून खाली पडतो. त्याचं उडायचं जाकीट फाटलंय, खाली खडक, आणि पिशवीत एक पत्र आहे, ते आज पोचवलंच पाहिजे! आणि त्याच आठवड्यात आम्हा दोघांना गोवर आला. उठलो तर अंक संपलेला. पुढच्या आठवड्यात वडिलांची बदली झाली. नव्या गावात हे कॉमिक येतच नव्हतं. एक्केचाळीस वर्षं झाली. तेव्हापासून तो पडतोच आहे."

"मग बुधवारी आल्याआल्या वाचलं असेल तुम्ही!"

डॉक्टरांनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्याने भूल न देता दात उपटायला सांगितलं होतं. "वाचायचं? पेटी फोडावी लागेल! फोडली की गुण रद्द. संचातून बाद!"

मेव्हण्याला यात काहीतरी चुकतंय असं वाटलं, पण ते काय हे त्याला सांगता येईना. आणि भाऊजींनी तोवर संशयितांची यादी मागितली होती.

पहिला संशय डॉक्टरांच्या बायकोवर. त्या मधल्या मजल्यावर पंख्याखाली वारा घेत बसल्या होत्या.

"खोलीत उकडतंय," भाऊजी भिंग रोखून म्हणाले. "घाम फुटलाय तुम्हाला. का बरं?"

"कारण या घरात एसी दोन आहेत," बाई म्हणाल्या. "एक पेशंटना आणि एक पुस्तकांना. मी दोन्हीत मोडत नाही. आणि हे बघा, मी हात घातला असता ना, तर अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस भंगारात गेले असते. एकाने माझं काय भागतंय?"

हा बचाव इतका बिनतोड होता की भाऊजी त्यांना नमस्कार करून बाहेर पडले.

"वर दादा असतात ना?" मेव्हण्याने जिन्यात विचारलं.

"दादाला सोडा," डॉक्टर म्हणाले. "त्याला यातलं काही कळत नाही. नऊ पॉइंट चार आणि आठ पॉइंट चार त्याला सारखंच."

"अडाण्याला कशाला त्रास द्या," भाऊजी म्हणाले आणि यादीत दादांच्या पुढे फुली मारली.

दुसरा संशय चष्मेवाल्यावर. चष्मेवाला म्हणजे बाजारातला चष्म्यांचा दुकानदार आणि डॉक्टरांचा कट्टर प्रतिस्पर्धी. त्याच्याकडेही सत्तेचाळीस अंक होते, त्याचाही एकतिसावाच अडला होता. हेतू, संधी, दुष्टपणा, सगळं जुळत होतं. भाऊजींनी वेषांतर केलं. वेषांतर म्हणजे मफलर. "तू गिऱ्हाइकाचा भाऊ," ते मेव्हण्याला म्हणाले, "आणि मी गिऱ्हाईक. तोंड उघडू नकोस."

चष्मेवाल्याने बघताक्षणीच विचारलं, "काय गुप्तहेर, घसा बसलाय का?"

"डोळे तपासायचेत," भाऊजी घोगऱ्या आवाजात म्हणाले आणि खुर्चीत बसून समोरची अक्षरं वाचू लागले. पहिली ओळ चुकली. दुसरीही चुकली. तिसऱ्या ओळीला त्यांनी "ही भिंत आहे" असं सांगितलं.

"अहो, तुम्ही इतकी वर्षं हिंडता कसे?" चष्मेवाला खरोखर काळजीने म्हणाला. "तुम्हाला समोरचा हत्ती दिसायचा नाही!"

गरुडाच्या नजरेचा असा भर बाजारात पंचनामा झाल्यावर भाऊजींनी मफलर काढला आणि सरळ तोफ डागली. "एकतिसावा कुठे आहे?"

चष्मेवाल्याच्या हातातली चौकट खाली पडली. "चोरीला गेला? त्यांचा? नऊ पॉइंट चार?" त्याच्या डोळ्यांत पाणी तरळलं. "कोण हो हा राक्षस? पेटीला ओरखडा तर नसेल ना गेला? उन्हात ठेवला नसेल ना कुणी? रंग उडतो हो!" तो दुकान बंद करून शोधायला निघाला होता, मेव्हण्याने कसाबसा थांबवला.

"अभिनय," रस्त्यावर आल्यावर भाऊजी म्हणाले.

"भाऊजी, तो रडत होता."

"उत्तम अभिनय."

दुपारी दोन वाजता भाऊजी झोपले, डॉक्टरांच्याच खुर्चीत, दात तपासायच्या दिव्याखाली. चार वाजता उठले ते तिसरा सिद्धांत घेऊन. चोर सुतार आहे, कपाट करतानाच त्याने मागे चोरवाट ठेवली. मेव्हणा आणि डॉक्टरांनी घाम गाळून कपाट सरकवलं. मागे भिंत होती. भाऊजींनी ती तीनदा वाजवून पाहिली. पलीकडून एका पेशंटने "आत या" म्हटलं.

मग पाचवा, सहावा असे सिद्धांत आले. चौथा कुठे गेला, ते वहीतही सापडत नाही. एका सिद्धांतात उंदीर होते, एकात परदेशी शक्ती. डॉक्टर प्रत्येक सिद्धांतागणिक थोडे थोडे खचत होते. शेवटी ते खाली जमिनीवरच बसले. "बावीस वर्षं," ते स्वतःशीच म्हणाले. "फक्त तीन दिवस तो माझ्याकडे होता. नुसता बाहेरून बघितला मी." मेव्हण्याला त्यांची फार कीव आली.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याची बहीण होती, म्हणजे भाऊजींची बायको.

"अरे, घरी यायचा काही विचार आहे का नाही? सकाळपासून कसली एवढी चोरी?"

"ताई, एक पुस्तक गेलंय. कुणी नेलं काही पत्ता लागत नाही. हेतूच सापडत नाहीये."

"पुस्तक ना? मग वाचायला नेलं असेल कुणीतरी. त्यात काय एवढं? त्यांना सांग, येताना दिव्याचा बल्ब आणा." आणि फोन बंद झाला.

मेव्हणा फोनकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "ताई म्हणते, वाचायला नेलं असेल."

"वाचायला?" भाऊजी हसले. "हा काय हेतू झाला?"

डॉक्टर मात्र हसले नाहीत. ते उठले आणि दोन दोन पायऱ्या टाकत वर धावले.

दादांचं दार उघडंच होतं. खिडकीजवळच्या रुंद खुर्चीत ते बसले होते, एका बाजूला सरकून. मांडीवर उघडा अंक. स्टुलावर फुटलेल्या पेटीचे तुकडे नीट एकावर एक रचलेले, आणि बाजूला डॉक्टरांचीच दात काढायची पकड.

"दादा!" डॉक्टर ओरडले. "हे काय केलंस तू?"

"वाचतोय," दादा म्हणाले.

"नऊ पॉइंट चार होता रे तो! गुण रद्द झाले! संच गेला! उद्या अकरा वाजता लोक यायचेत, बावीस वर्षांची माती केलीस! विचारायचं तरी होतंस!"

"विचारलं होतं," दादा शांतपणे म्हणाले. "बुधवारी विचारलं, काय झालं रे त्याचं पुढे? तू म्हणालास, नऊ पॉइंट चार."

डॉक्टरांचं तोंड उघडं राहिलं. दिवसभर दुसऱ्यांना 'आ करा' म्हणणारा माणूस, आता स्वतःच आ करून उभा होता.

"मी पंचवीस वर्षं छापखान्यात काढली," दादा म्हणाले. "बंद करून ठेवायला कुणी काही छापून घेतलेलं मला तरी आठवत नाही. कालपासून सोळा पानं झालीत. शेवटची चार ठेवली आहेत."

"का?"

"का म्हणजे? गोवर काय मला एकट्याला आला होता?"

दाराशी भाऊजी घसा खाकरून "मी पहिल्यापासून म्हणत होतो, घरातलंच कोणीतरी" असं सुरू करत होते, पण मेव्हण्याने आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर हात ठेवला. डॉक्टरांनी डोळे पुसले आणि खुर्चीत उरलेल्या जागेत अंग चोरून बसले. दोघांचीही वजनं आता वाढलेली. खुर्ची करकरली. दादांनी पान उलटलं.

चार पानं वाचायला त्यांना वीस मिनिटं लागली. पोस्टमन अजून पडतच होता. मधेच एक पाखरू त्याची टोपी घेऊन गेलं. शेवटच्या चित्रात खडक हातभर अंतरावर आले, पत्र पिशवीतून निसटलं, आणि खाली ठळक अक्षरात छापलं होतं: 'पोस्टमन वाचेल का? वाचा पुढील अंकी!'

दादांनी पान उलटून मागे काही आहे का पाहिलं.

"काय हा हरामखोरपणा!" डॉक्टर म्हणाले.

"अजून पडतोच आहे लेकाचा," दादा म्हणाले. त्यांनी अंक मिटला आणि भावाकडे पाहिलं नाही. "असू दे. माझ्यामुळे एक गेला, तेवढं पुरे. बाकीचे सत्तेचाळीस तरी पेटीतच राहू देत."

डॉक्टर उठले. स्टुलावरची पकड त्यांनी खिशात घातली आणि जिना उतरले. खालून कपाटाचं दार सरकल्याचा आवाज आला. मग काड्कन एक आवाज. दात काढण्यात त्यांचा हात हलका होता, हे सगळ्या पेशंटना माहीत होतं.

मधल्या मजल्यावरून बायकोने विचारलं, "अहो, काय फोडताय? एसी वर आणायचा का मग?"

"आणा!" डॉक्टर ओरडले आणि वर आले. हातात बत्तिसावा होता, नऊ पॉइंट दोनचा, उघडा. खुर्चीत घुसताना त्यांचं कोपर दादांच्या बरगडीला लागलं.

"अरे, सांभाळून," दादा म्हणाले. "कोपरा दुमडेल त्याचा."

"दुमडू दे रे," डॉक्टर म्हणाले. "तू पान उलट."