शिवून बंद केलेला पायजमा

बोरगाव मेघेत आमच्या शेजारी निखाडे सर राहतात. त्यांच्या दोरीवर एक असा पायजमा वाळत असतो, की ज्यात देवालाही शिरता येणार नाही. मुळात ते दोन पायजमे. कमरेला कमर जोडलेली, पायांना पाय जोडलेले, तोंड म्हणून कुठेच नाही. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "मास्तरचं डोकं फिरलं वाटते!"

सर कॉलेजात गणित शिकवायचे. निवृत्त झाले, पण गणित काही सुटलं नाही. आमच्या ओट्यावर बसून त्यांनी मला सगळं समजावलं होतं. या पायजम्याचा एक पाय शिवणीवर उसवायचा, पूर्ण एक फेरा पिळायचा आणि परत शिवायचा. "वरून पाह्यलं तं काईच बदललं नाई. पण पायावरून खाली गेलेला धागा पाह्य, कसा गोल फिरून गेला!" अशा सगळ्या पिळांचा मिळून एक गट. कमरेच्या शिवणीवर सरांनी एक लाल धागा घालून घेतला होता; त्याला जे पीळ धक्का लावत नाहीत, त्यांचा त्या गटाच्या पोटात एक उपगट. "त्यातले किती बी पीळ घाल, उलटे घाल, सुलटे घाल, लाल धागा जागचा हालत नाई!"

मी सावंगीच्या दवाखान्यात फायली लावते. मी मान डोलावली.

शिवण्याचं काम मात्र आमच्या बाबांचं. बाबा हाडाचे शिंपी. दोन वर्षांपासून त्यांचं विसरणं वाढलंय. माझं नाव विसरले, जेवल्याचं विसरतात, सुई तेवढी विसरले नाहीत. हाताला काम नसलं, की कधीच बंद झालेलं दुकान शोधायला निघायचे. एकदा भर उन्हात सेवाग्रामच्या रस्त्यावर सापडले, गळ्यात टेप अडकवलेला. त्यानंतर कामावर माझं लक्षच लागेना.

मग सर दर मंगळवारी पायजमा घेऊन येऊ लागले. बाबा दर मंगळवारी तो पहिल्यांदाच बघतात.

"सर, पाय बंद केले तं घालसान कसे?"

"चांगला सवाल आहे, काका!" सर खूश होऊन म्हणतात. "हा घालाचा नाई, पाह्याचा आहे."

बाबा चष्मा पुसून उसवायला बसतात. पुढचे तीन-चार दिवस ते घराबाहेर पाऊल टाकत नाहीत.

गेल्या महिन्यात सरांना ताप आला, म्हणून शिवून झालेला पायजमा द्यायला मीच गेले. टेबलावर वह्यांचा ढीग होता. एक उघडून पाहिली, तर पानोपानी तेच पीळ, प्रत्येकाला एकेक अक्षर देऊन ओळीने मांडलेले.

"सर, हे सगळं कागदावरच होते?"

"होते न."

"मंग पायजमा काऊन?"

सरांनी माझ्या हातातली वही मिटली. "कागद काकाले शिवता येत नाई न, पोरी." मग म्हणाले, "अन् रिटायर झाल्यापासून मले बी कोणी सवाल विचारत नाई. काका विचारतात."

मला रडूच आलं. सख्ख्या माणसांना सुचलं नाही ते या माणसाला सुचलं होतं. मी त्यांच्या पाया पडले, तर म्हणतात, "अवं, काय करून राह्यली! चहा कर."

मधले दोन मंगळवार पायजम्याविनाच गेले. तिसऱ्याला सर शाल गुंडाळून आले. बाबांनी पायजमा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, आणि मांडीवर ठेवून दिला. मी गॅस बंद करून दारात येऊन उभी राहिले. आता सुईही विसरले की काय?

"सर," बाबा म्हणाले, "पाय बंद केले तं घालसान कसे?"

सरांचा उरलासुरला ताप तिथेच उतरला.